गोष्टीतला राजा कुठे गेला?

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. आधी मोतीबिंदूचं ऑपरेशन, मग घरातलं लग्न, मग नुसताच आळस... कारणं पुष्कळ. पण आज जरा रागाने लिहितोय, तेव्हा सांभाळून घ्या. राग निम्मा इतरांवर आहे आणि निम्मा स्वतःवर.

गेल्या जानेवारीत आमच्या जुन्या शाळेचं गॅदरिंग होतं. निवृत्त शिक्षक म्हणून मला पहिल्या रांगेत खुर्ची, शाल, श्रीफळ. प्रमुख पाहुणे पुण्याहून आले होते. यशावर व्याख्यानं देणं हाच त्यांचा व्यवसाय. सव्वा तास बोलले. स्टेजवर येरझाऱ्या घालत, हातवारे करत, मध्येच पोरांना उभं करून घोषणा द्यायला लावत. सार एकच. पडा, उठा, परत पडा, परत उठा. अपयश ही यशाची पहिली पायरी. जो थांबला तो संपला. उदाहरणं दहा-बारा दिली आणि दहाही-बाराही जणांचा शेवट गोड. पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मीही वाजवल्या. खोटं कशाला बोलू?

मांडवाच्या कडेला एक जण वायर गुंडाळत बसला होता. साऊंड सिस्टीमवाल्याच्या हाताखालचा माणूस. कार्यक्रम संपल्यावर तो आला आणि पाया पडला.

"सर, वळखलं का?"

चेहरा ओळखीचा, नाव आठवेना. त्यानेच सांगितलं. आठवीत माझ्या वर्गात होता. हुशार म्हणावा असा नाही, पण धडपड्या. सहलीचे पैसे भरायला सुट्टीत बर्फाचे गोळे विकणारा पोरगा. मला तेव्हा त्याचं फार कौतुक होतं. तो पुण्याला गेला, धंदा टाकला, एवढं मी कुणाकडून तरी ऐकलं होतं आणि दोन-तीन वर्गांत अभिमानाने सांगितलंही होतं.

त्याला घेऊन बसस्टँडसमोर चहा प्यायला गेलो. तिथे त्याने जे सांगितलं ते त्याला विचारून, नाव-गाव न देता लिहितोय.

घरची तीन एकर कोरडवाहू. सोयाबीन, तूर, जमलं तर थोडा कापूस. भाऊ दोघे. दोघांचं त्यात भागेना म्हणून हा २००९ साली पुण्याकडे गेला. आधी चाकणला कंत्राटदारामार्फत कंपनीत. सात महिन्यांनी ब्रेक, परत नवा कंत्राटदार, परत ब्रेक. पाच वर्षांनी म्हणाला, असं किती दिवस? आणि वडापावची गाडी टाकली. गाडी दोनदा उचलून नेली. दंड भरून एकदा सोडवली, दुसऱ्यांदा सोडवण्याइतके पैसे नव्हते. मग २०१८ साली भागीदारीत मेस काढली. डिपॉझिटसाठी एक एकर विकलं, भांड्यांसाठी बायकोचं मंगळसूत्र. वर्षभराने भागीदार निघून गेला. लिखापढी काही नव्हती, गावाकडचाच माणूस होता ना! तरी हा टिकला. शेकडा पाचने पैसे उचलून मेस चालू ठेवली. शंभर-सव्वाशे डबे जायला लागले.

आणि मार्च २०२० आला.

जेवणारी मुलं आपापल्या गावी पायी निघाली. महिन्याचे पैसे महिनाअखेरीला द्यायचे असतात, त्यामुळे उधारी तशीच राहिली. "त्यायचं तरी काय चुकलं सर? त्यायलेच पगार नाही भेटला," हे तोच मला सांगत होता. "वही हाये अजून माह्याजवळ." भाडं चालूच, व्याज चालूच. दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या एप्रिलमध्ये इकडे वडील गेले. तो आला आणि परत गेलाच नाही. आता लग्नसराईत साऊंडवाल्याकडे, पेरणीत कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर. बायकोच्या गळ्यात नुसती काळी पोत आहे. गावात त्याला 'शेठ' म्हणतात. हसून.

मला काय बोलावं सुचेना. मास्तरांना असं झालं की ते उपदेश करतात. मी म्हणालो, "अरे, खचायचं नाही. ते किर्लोस्कर आठवतात ना? मी सांगायचो बघ..."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग अगदी साध्या आवाजात म्हणाला, "आठवते नं सर. तुम्हीच तं सांगलं व्हतं. पण किर्लोस्करायच्या गोष्टीत राजा व्हता. मले कोन व्हतं?"

मंडळी, त्या रात्री मला झोप लागली नाही.

कारण ही गोष्ट मी तीसेक वर्षं सांगितली आहे. कुणी शिक्षक रजेवर असला की ऑफ तासाला माझी ठरलेली गोष्ट. लक्ष्मणराव किर्लोस्कर, जन्म १८६९, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. चित्रकार व्हायला मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये गेले आणि रंग नीट ओळखता येत नाहीत असं निघालं. मग यांत्रिक ड्रॉइंग शिकले आणि मुंबईतल्या टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायला लागले, म्हणजे आपल्यासारखे मास्तरच. हक्काची बढती डावलून दुसऱ्याला दिली, तेव्हा नोकरी सोडून बेळगावला आले. सायकलींचं दुकान, कडबा कापायचं यंत्र, लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते असं शेतकरी म्हणायचे आणि पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. त्यातच १९१० साली बेळगावची जागा सोडावी लागली. सगळं सामान उचलून, कामगारांची बिऱ्हाडं घेऊन कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगाच्या माळावर आले आणि तिथे किर्लोस्करवाडी उभी केली. इथे मी खडू टेबलावर ठेवायचो आणि विचारायचो, "काय शिकलात?" पोरं एका सुरात म्हणायची, "हार मानायची नाही!"

गोष्टीतलं अक्षर न् अक्षर खरं आहे. पण मी काय काय गाळत होतो ते आता बघा.

मुंबईला शिकायला गेलेल्या धाकट्या भावाला आधार होता थोरल्या रामुअण्णांचा. बेळगावचं दुकान दोघा भावांनी मिळून चालवलं. आणि माळावर आले ते काही आभाळातून पडले नव्हते. औंधच्या संस्थानिकांनी, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, बत्तीस एकर जागा दिली आणि दहा हजार रुपये कर्ज दिलं. १९१० सालचे दहा हजार! त्यांची जिद्द खोटी होती का? मुळीच नाही. तोच राजा, तीच जमीन आणि तेच पैसे आणखी कुणाला मिळाले असते तर किर्लोस्करवाडी झालीच असती असं मी म्हणत नाही. पण राजा, जमीन, पैसे आणि भाऊ, ही चारही वजा केली तर एकट्या जिद्दीवर काय उभं राहतं, ते मी त्या दिवशी चहाच्या टपरीवर बघितलं.

आता एक गंमत बघा, गंमत कसली म्हणा. रस्त्यावर धंदा करणाऱ्यांसाठी सरकारने २०२० च्या जूनमध्ये स्वनिधी योजना काढली. पहिल्या हप्त्याला कर्ज किती, तर दहा हजारांपर्यंत. आकडा तोच! एकशे दहा वर्षांपूर्वी त्यात एका कारखान्याची सुरुवात झाली आणि आता त्यात गाडीची शेगडी, सिलिंडर आणि पत्रा येतो. २०२५ साली तो हप्ता पंधरा हजार केला. योजनेला मी नावं ठेवत नाही, काहीच नसण्यापेक्षा बरी. पण किर्लोस्करांचं नाव घेऊन पोराला लढायला पाठवायचं आणि त्याच्या हातात एवढंच ठेवायचं, हे कुठल्या गणितात बसतं?

दुसरी माझी आवडती गोष्ट दादासाहेब फाळक्यांची. त्र्यंबकेश्वरचा माणूस. गोध्र्याला फोटोग्राफीचा धंदा टाकला आणि प्लेगच्या साथीत पहिली बायको आणि मूल गेलं. पुढे छपाईचा धंदा केला, भागीदारांशी पटलं नाही, तो सोडला. सिनेमाच्या नादात काही काळ दृष्टी गेली. विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ साली लंडनला गेले. दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिलेच, शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाक रांधला, फिल्मला भोकं पाडायचं कामही शिकल्या. ३ मे १९१३, राजा हरिश्चंद्र! टाळ्या!

इथे मी थांबायचो. सगळेच इथे थांबतात. पण माणूस काही इथे थांबला नव्हता. त्यानंतर एकतीस वर्षं फाळके जगले. भागीदारांशी पुन्हा बिनसलं, बोलपट आले, काळ पुढे निघून गेला आणि १९४४ च्या फेब्रुवारीत ते नाशिकला विपन्नावस्थेत वारले. म्हणजे बघा, ज्यांच्या नावाने आज देशातला चित्रपटाचा सगळ्यात मोठा पुरस्कार देतात, त्यांच्या आयुष्यातही 'पडा, उठा' चा हिशेब शेवटी जमला नाही. गोष्ट कुठे थांबवायची हे सांगणारा ठरवतो. १९१३ ला थांबवली तर प्रेरणा, १९४४ ला थांबवली तर व्याख्यानाला कुणी बोलावणार नाही.

जुनी उदाहरणं झाली म्हणाल तर आजचं घ्या. दुबईचे मसाला किंग धनंजय दातार आपल्याच वऱ्हाडातले. १९८४ साली तिकडे गेले, छोट्या किराणा दुकानापासून सुरुवात केली आणि आज मोठा उद्योग आहे. कष्ट केले, शंका नाही. पण ते छोटं दुकान वडिलांचं होतं. दूरच्या देशात कुलूप उघडायला घरचं एक दार होतं. आणि २०२० साली काय झालं? आखातात अडकून पडलेल्या कामगारांची परतीची विमानाची तिकिटं याच दातारांनी स्वतःच्या पैशाने काढून दिली. मला त्यांच्या यशापेक्षा ही गोष्ट जास्त मोलाची वाटते. कारण व्याख्यानात न येणारी माणसं त्यांना दिसली. तीही घर सोडून त्याच वाळवंटात गेली होती, तीही राबली होती. त्यांच्याकडे परतीचं तिकीट नव्हतं, एवढंच.

आपल्याकडचा शेतकरी हे सगळं एका वाक्यात समजतो. ज्याच्या चौथ्या बोअरला पाणी लागलं तो पारावर बसून सांगतो, "तीन कोरडे गेले, पण मी हिंमत सोडली नाही." आपण माना डोलावतो. पण चौथा बोअर मारायला त्याच्याकडे पैसे होते! ज्याचे पैसे तिसऱ्यालाच संपले तो पारावर येतच नाही. तो व्याज भरायला ऊसतोडीला गेलेला असतो. आणि ज्याला चौथ्यालाही फुफाटाच लागला, त्याचं काय झालं हे बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला मी सांगायची गरज नाही.

मला माहीत आहे, आता आमचा न्यू जर्सीचा भाचा लिहिणार, "मामा, तुम्ही निगेटिव्ह झालात. मग पोरांनी काय गावातच बसायचं?" रास्त प्रश्न आहे. त्याने तिकडे फार सोसलंय. नोकरी गेली तेव्हा व्हिसाच्या धास्तीने रात्र रात्र जागला, मला फोन करायचा. पण बाबा रे, तुझ्या वडिलांची पेन्शन होती. तू परत आला असतास तर तुझी खोली तशीच होती. तू पडला असतास तर गादीवर. हा पडला तो फरशीवर. दोघांनाही 'परत उठ' म्हणणं सोपं आहे, दोघांना लागलेला मार सारखा नाही.

जाऊ नका असं मी कुणालाही म्हणत नाही. संध्याकाळी चिखलीच्या, मेहकरच्या स्टँडवर जा. पुण्याच्या गाड्यांना बॅगा आणि धान्याची पोती घेऊन पोरं उभी असतात. त्यांना कुणी थांबवू शकत नाही आणि थांबवूही नये. तीन एकरांत दोन भाऊ भागत नाहीत हे साधं गणित आहे. माझं भांडण जाणाऱ्यांशी नाही. अपयश हे जणू टॉनिक आहे, घ्या दोन चमचे, असं सांगणाऱ्यांशी आहे. अपयशाची किंमत असते. ती एका एकराने, एका मंगळसूत्राने, म्हाताऱ्या बापाच्या शेवटच्या दिवसांनी चुकती होते. आणि ती नेहमी एकटा धंदेवालाच देत नाही, घरातल्या बायका देतात, ज्यांना विचारलेलंही नसतं. व्याख्यान देणारा मात्र त्याच्या मानधनाची पाकीट घेऊन जातो.

आणि या सगळ्याचा सर्वांत वाईट परिणाम सांगू? हरलेल्या माणसाला वाटतं, मीच कमी पडलो. जिद्द असणारे जिंकतात, मी हरलो, म्हणजे माझ्यातच जिद्द नव्हती. बारा वर्षं राबलेला माणूस माझ्यासमोर बसून हेच म्हणत होता. भाग्याला दोष देणारी आपली जुनी माणसं बरी होती, निदान ती माणसालाच गुन्हेगार ठरवत नव्हती.

आता माझा स्वतःचा गुन्हा. मी शाळेत मराठीबरोबर गणितही शिकवलं. सरळव्याजाची उदाहरणं फळ्यावर शेकड्याने सोडवली. मुद्दल गुणिले दर गुणिले मुदत, भागिले शंभर. दर कायम दरसाल दर शेकडा आठ नाहीतर दहा. पण बाजारात 'शेकडा पाच' म्हणतात ते दरमहा असतं, म्हणजे वर्षाला साठ टक्के, एक लाख घेतले तर वर्षाला साठ हजार नुसतं व्याज, हे उदाहरण मी एकदाही घातलं नाही! परवान्याशिवाय सावकारी करणं हा गुन्हा आहे, तसा २०१४ चा कायदाच राज्यात आहे, हे सांगितलं नाही. भागीदारी कितीही जवळच्या माणसाशी असली तरी कागदावर घ्यावी, हे सांगितलं नाही. फेरीवाल्यांसाठीही २०१४ चाच कायदा आहे, हे मला स्वतःलाच परवापरवा कळलं. मी पोरांना किर्लोस्कर दिले आणि हिशेब दिला नाही.

मी काही मोठा विचारवंत नाही. नागपूर विद्यापीठाचा जुना बी. ए. (तेव्हा अमरावती विद्यापीठ झालं नव्हतं), आयुष्य तालुक्याच्या गावात गेलं. पण शिक्षक मंडळी हे वाचतात म्हणून दोन-तीन गोष्टी हक्काने सांगतो.

गोष्टी सांगा, पण पूर्ण सांगा. राजा सांगा, भाऊ सांगा, दागिने कुणाचे गेले ते सांगा. यशस्वी पाहुणा शाळेत आला की त्याला नम्रपणे एक प्रश्न विचारा, "साहेब, तुम्ही पडलात तेव्हा घर कोण चालवत होतं?" चांगला माणूस असेल तर तो प्रामाणिक उत्तर देईल, आणि पोरांना त्या उत्तरातून जास्त कळेल.

कुठे थांबायचं हेही शिकवा. एवढे पैसे बुडाले की थांबायचं, घर आणि शेत यांना हात लावायचा नाही, हे आधीच ठरवून जाणारा पोरगा भित्रा नसतो. थांबणं म्हणजे संपणं नव्हे.

आणि गावाने, म्हणजे आपणच, परत आलेल्या माणसाला हसणं बंद करावं. पोरगं शहरात गेलं की आपण अभिमानाने सांगतो आणि परत आलं की टोपणनाव ठेवतो. या हसण्याच्या भीतीने किती जण वेळेवर परत येत नाहीत, आणखी एक कर्ज काढून तिकडेच अडकून राहतात, याचा विचार करा. माझा विद्यार्थी भागीदार गेला तेव्हाच परत आला असता, तर ते शेकडा पाच त्याच्या मानेवर बसलं नसतं. का नाही आला विचारलं तर म्हणाला, "लोक काय म्हंतीन, सर?" लोकांनी काय म्हटलं ते त्याने नंतर ऐकलंच. शेठ.

असो. फार लांबलं.

मी मुख्याध्यापकांना भेटून आलो. म्हटलं, पुढच्या गॅदरिंगला बाहेरचा पाहुणा नको, यालाच बोलवा. बारा वर्षांत त्याने जे पाहिलं ते कुठल्या पुस्तकात नाही. ते बिचारे हो म्हणाले, जरा नवल वाटलं त्यांना. मग त्याच्याकडे गेलो. तो हसला आणि नाही म्हणाला. मी फार गळ घातली, तर शेवटी खालच्या आवाजात म्हणाला, "नका सर. माही पोरगी हाये तिथं आठवीत. तिच्या मैत्रिनी हसतीन."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिच्या मैत्रिणी हसणार नाहीत अशी खात्री मी त्याला देऊ शकलो नाही, कारण त्या मुलींना घडवणाऱ्यांत मीही एक आहे.

आठवीच्या वर्गावर आठवड्यातून एक तास मागितलाय. फुकट. सरळव्याजापासून सुरुवात करणार आहे, दरमहा दर शेकडा पाच.